थंडर ठेवू की थंडरबोल्ट? आधी पाऊस कोण पाडणार ते सांग

तुझा प्रश्न थोडक्यात असा: 'पोकेमॉन स्वॉर्ड' या गेममध्ये वॉशिंग मशीनवाल्या रोटॉम या पोकेमॉनला तू थंडरबोल्ट हा विजेचा मूव्ह (हल्ला) काढून थंडर हा दुसरा शिकवलास, रविवारी आतेभावाशी खेळताना तो लागोपाठ तीनदा हुकला, आणि आता गेमच आपल्याला गंडवतोय अशी तुला शंका आहे.

गेम गंडवत नाहीये. थंडरची अ‍ॅक्युरसी, म्हणजे फटका लागायची टक्केवारी, ७०. म्हणजे दर वेळी हुकायची शक्यता ३० टक्के, आणि लागोपाठ तीनदा हुकायची २.७ टक्के, साधारण ३७ वेळांत एकदा. तुझा तो एकदा नेमका आतेभावासमोर आला, एवढंच. तो आता वर्षभर ऐकवणार, त्याला इलाज नाही.

थंडरची पॉवर ११०, थंडरबोल्टची ९०. (२०१३ च्या 'एक्स-वाय' गेमच्या आधी १२० आणि ९५ होती.) इथेच सगळे भुलतात. जोर २२ टक्क्यांनी जास्त आहे, पण त्या २२ टक्क्यांनी फटक्यांची संख्या कमी होते का, ते बघायचं. समोरचा दोन थंडरबोल्टमध्ये पडतो आणि थंडरनेही दोनच लागतात, असं असेल तर वरचा जोर वाया गेला. शिवाय दोन्ही थंडर लागायची शक्यता ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्के. निम्म्यालाही कमी! थंडरबोल्टची अ‍ॅक्युरसी १००. कोरड्या हवेत थंडर तेव्हाच मारायचा, जेव्हा त्याने समोरचा एका फटक्यात जातो आणि थंडरबोल्टने थोडक्यात वाचतो. अशी वेळ एका मॅचमध्ये फार तर एकदा येते.

मग हा मूव्ह ठेवतात कशाला? पावसासाठी. पोकेमॉन गेम्सच्या पहिल्या पिढीत थंडरचा पावसाशी काही संबंध नव्हता, कारण तेव्हा गेममध्ये हवामानच नव्हतं. १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरपासून पाऊस आला आणि पावसात थंडर हुकायचा बंद झाला. त्याच वेळी समोरच्याला पॅरालाइझ (लुळा) करायची शक्यताही १० वरून ३० टक्के झाली. थंडरबोल्टची आजही १० च आहे. पावसात ११० पॉवर, हुकणं नाही, वर ३० टक्के पॅरालिसिस. तिथे थंडरबोल्टचं नावही काढू नये.

पण याच नियमाची दुसरी बाजू आहे: कडक उन्हात थंडरची अ‍ॅक्युरसी ५० होते. ही मी किंमत मोजून शिकलोय. मी ठाण्याहून तुर्भ्याला जातो, कळव्याचा एक मित्र दहा नंबर फलाटावर भेटतो, आणि बसायला मिळालं तर दोघांचे स्विच बाहेर निघतात. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर धो धो, खिडक्या बंद, गाडी दिघा गावला उगाच उभी. माझ्या पेलिपर या पोकेमॉनने मैदानात येताच पाऊस पाडला, मी रोटॉम आणला, समोर त्याचा ग्याराडोस. पाणी आणि उडणारा, म्हणजे विजेचा फटका चौपट. मी डोळे मिटून थंडर दाबला. मित्राने ग्याराडोस काढून टॉरकोल हा दुसरा पोकेमॉन आत घेतला. आता हे नीट बघ: बदली आधी होते, फटका नंतर. टॉरकोल आल्या आल्या ड्रॉट या त्याच्या अ‍ॅबिलिटीने (अंगच्या गुणाने) ऊन पडलं, पाऊस गेला, आणि माझा ठरलेला थंडर निघाला तो ५० टक्क्यांवर. हुकला. पुढच्या टर्नला माझा हायड्रो पंप हा पाण्याचा मूव्ह लागला, पण उन्हात पाण्याचा जोर निम्मा होतो, टॉरकोल तगला. आणि उन्हात त्याच्या सोलर बीम या गवताच्या मूव्हला दम धरावा लागत नाही. हवेत तरंगणाऱ्या वॉश रोटॉमची एकच कमजोरी आहे, गवत. रबाळे यायच्या आत रोटॉम आडवा. पावसाने ओथंबलेल्या गाडीत मी उन्हामुळे हरलो, हे तो अजून चारचौघांत सांगतो.

टीममध्ये पेलिपर असेल तर तुझ्या रोटॉमला थंडर शोभतो. पण पेलिपरची अ‍ॅबिलिटी ड्रिझल आहे ना, आधी तपास. कीन आय निघाली तर नुसता आल्याने पाऊस पडणार नाही. त्याच्या हातात डॅम्प रॉक दे, मग पाऊस ५ ऐवजी ८ टर्न टिकतो. ५ टर्न ऐकायला बरे वाटतात, पण पेलिपर येण्यात एक जातो, यू-टर्न (फटका मारून जागा सोडायचा मूव्ह) मारून रोटॉमला आणण्यात आणखी एक, आणि समोरच्याने प्रोटेक्ट (फटका अडवणारा मूव्ह) मारला की तिसरा. एक गैरसमजही काढून टाक: पावसात हायड्रो पंपचा जोर दीडपट होतो, अ‍ॅक्युरसी मात्र ८० च राहते. तो पावसातही हुकेल, तेव्हा परत शंका घेऊ नकोस.

पेलिपर नसेल आणि डायनामॅक्स (पोकेमॉनला काही टर्न अवाढव्य करणं) करणार असशील तर अजून एक वाट आहे. डायनामॅक्स झालेल्या रोटॉमने मॅक्स गायझर (हायड्रो पंपचं मोठं रूप) मारला की पाऊस सुरू होतो. डायनामॅक्स ३ टर्नचा, पाऊस ५ चा. तिसऱ्या टर्नला गायझर मारलास तर मूळ आकारात आल्यावरही पाऊस चालू असतो आणि थंडर बिनधास्त मारता येतो. डायनामॅक्समध्ये असताना थंडरचा मॅक्स लाइटनिंग होतो, तो तसाही अ‍ॅक्युरसीमुळे हुकत नाही. त्याने जमिनीवर विजेचा जोर वाढवणारं इलेक्ट्रिक टेरेन पसरतं, पण रोटॉम तरंगत असल्यामुळे त्याचा जोर त्याला मिळत नाही. बरेच जण हे विसरतात.

आतेभाव हुशार असेल तर पुढच्या रविवारी युटिलिटी अंब्रेला घेऊन येईल. ज्याच्या हातात ती छत्री, त्याच्यावर मारलेला थंडर पावसातही ७० वरच राहतो. ठाण्यात जूनमध्ये छत्री उलटी होते, गेममधली मात्र पक्की आहे.

पाऊस नको, पण थंडर हवाच, असा हट्ट असेल तर रोटॉम सोडून कंपाउंड आइज या अ‍ॅबिलिटीचा गॅल्व्हँट्युला हा पोकेमॉन घे. अ‍ॅक्युरसी १.३ पट, म्हणजे ७० चे ९१ होतात. कोरड्या हवेत थंडर परवडणारा माझ्या मते तो एकच.

यातलं काहीच करायचं नसेल तर थंडरबोल्ट परत घे. दुसरा टीआर (मूव्ह शिकवणारी डिस्क) शोधत फिरू नकोस. एकदा टीआरने शिकवलेला मूव्ह त्या पोकेमॉनला पोकेमॉन सेंटरमधला डावीकडचा माणूस फुकट आठवून देतो. आणि पेलिपर घ्यायचं ठरलं तर बाकीचे चार कोण आहेत ते लिही. त्यात टॉरकोल असेल तर आधीच सांगतो, दोघांना एका टीममध्ये ठेवू नकोस.