घडी मोडू नकोस

अगं,

जपानातल्या गिफूहून, त्या कागदी कंदिलांच्या गावाहून, आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. "यात माझं असं काय आहे?" हा प्रश्न कॉलेजातल्या परीक्षकांनी तुला चिकटवलाय, आणि त्याच्या धास्तीने तू कंदिलाच्या वाशीवर, म्हणजे तिथल्या हातकागदावर, वारली छापायला निघालीस. कृपा कर.

शिल्पकार इसामू नोगुची १९५१ साली त्याच गावात आला. नागारा नदीवर कंदिलांच्या उजेडात पाणकावळ्यांची मासेमारी पाहिली. कंदिलाचा धंदा बसत चालला होता, महापौरांनी मदत मागितली. याने काय केलं? कागदावरची फुलंपानं काढली, लाकडी कडं काढलं, मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आणला. पण काम करायची रीत ठेवली. लाकडी साच्यावर बांबूची बारीक कामटी गुंडाळायची, वर तुतीच्या सालीचा कागद खळीने डकवायचा, वाळला की साच्याचे तुकडे तोंडातून ओढून काढायचे. मागे राहतो तो कंदील हाताने दाबला की मिटतो. ही घडी त्याने मोडली नाही, म्हणून त्याचे 'अकारी' नावाचे दिवे चपट्या खोक्यात बसून जगभर गेले. शंभरावर प्रकार झाले. १९८६ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनातही त्याने ते मांडले.

मी मोडली होती. तरुणपणी कागदी दिव्यांची एक मालिका काढली, आणि कागद ताठ राहावा म्हणून वर रेझिन चढवलं. म्हातारे कारागीर एवढंच म्हणाले, "साहेब, हा मिटणार नाही." मी ऐकलं नाही. दिवा घागरीएवढा, खोकं कपाटाएवढं. निम्मे वाटेत चेपले, उरलेले गिऱ्हाइकाने परत पाठवले. तरी दिवा देखणा होता, हे मी आजही सांगेन. बक्षीस मिळालं होतं त्याला! ते माळ्यावर पडलंय, आणि त्या कारागिरांनी पुन्हा कधी माझं काम घेतलं नाही.

"मी जपानी नाही, मला हक्क आहे का," असंही लिहिलंयस. नोगुची जन्मला लॉस एंजेलिसला, आई अमेरिकन. पुढे बोल.

एलईडी घाल. कागद वाकडातिकडा कर, गोल सोड, त्यानेही सोडला होता. रंगावरून आपण नंतर भांडू. घडी तेवढी मोडू नकोस. आणि ती बोटांत बसेपर्यंत कागदावर पेन्सिल टेकवू नकोस.

पुढच्या पत्रात चित्रं नकोत. साचा काढताना कितवा तुकडा आधी ओढतात, ते लिही. मला कधी विचारायचं सुचलंच नाही.