राउटरमध्ये पोर्ट उघडला, तरी भावंडं सर्व्हरवर का येईनात?

प्रश्न : सर नमस्कार, मी गोव्यातल्या साखळीचा, बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. गणेश चवथीला सगळी भावंडं घरी जमली होती तेव्हा माझ्या लॅपटॉपवर माइनक्राफ्टचा जावा सर्व्हर चालवला, एकाच वायफायवर सगळं मस्त चाललं. आता आत्येभाऊ पुण्याला आणि मामेभाऊ शारजाला परत गेलेत आणि आम्हाला तेच जग पुढे खेळायचंय. व्हिडिओ बघून राउटरमध्ये २५५६५ पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून त्या नंबरवर येणारं लॅपटॉपकडे पाठवायला सांगितलं, विंडोजचा फायरवॉल बंद करून बघितला, राउटर रिसेट मारला, तरी त्यांना कनेक्शन टाइम्ड आउटच येतं. पोर्ट चेक करणारी साइट पण क्लोज्ड दाखवते. काय चुकतंय?

उत्तर : आधी फायरवॉल परत चालू कर, बाकीचं नंतर वाच. तो पूर्ण बंद करायची कधीच गरज नसते, जावाला प्रायव्हेट नेटवर्कवर परवानगी दिली आणि तुझं घरचं वायफाय विंडोजमध्ये प्रायव्हेट म्हणून सेट असलं की झालं.

आता मूळ मुद्दा. तुझी सेटिंग बरोबर असेल आणि तरीही ती चालणार नाही, असं होऊ शकतं, आणि हल्ली खूप घरांत हेच होतंय. म्हणून पोर्टला हात लावायच्या आधी एकच गोष्ट तपासायची. राउटरच्या पानावर जा, पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला सापडेल. तिथे स्टेटसमध्ये वॅन आयपी, म्हणजे राउटरला कंपनीच्या बाजूने मिळालेला पत्ता, दिसतो तो लिहून घे, मग त्याच वायफायवरून गूगलला माझा आयपी काय असं विचारून मिळेल त्या साइटवरचा आकडा बघ, पण आयपीव्ही४ चाच, म्हणजे टिंबांनी जोडलेले चार आकडे, लांबलचक आयपीव्ही६ नको. दोन्ही सारखे असतील तर पत्ता तुझाच आहे, पुढे जाऊ शकतोस. वेगळे असतील, आणि राउटरमधला आकडा १०० पासून सुरू होऊन पुढचा भाग ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा तो १० ने सुरू होत असेल, तर बहुतेक तू सीजीनॅटच्या मागे आहेस, म्हणजे कंपनीने एकाच पब्लिक पत्त्यामागे बरीच घरं बसवलीत, आणि राउटरमध्ये कितीही खटपट केलीस तरी पुण्याहून कोणी आत येणार नाही.

असं का, तर आयपीव्ही४ चे पत्ते मुळात साधारण ४३० कोटीच. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले आणि आपल्या आशिया-पॅसिफिक भागाला त्याच वर्षी एप्रिलपासून पत्ते अगदी मोजून मिळायला लागले. मग कंपन्यांनी एकाच पब्लिक पत्त्यामागे खूप गिऱ्हाईकं बसवली, त्यासाठीच २०१२ मध्ये १००.६४ पासूनची रांग राखून ठेवली गेली. म्हणजे बिल्डिंगच्या गेटवरच वॉचमन पार्सल परत पाठवतोय आणि तू वर आपल्या फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवून बसलायस. गेटवरचा तो राउटर कंपनीचा, त्यात तुला काही बदलता येत नाही.

राउटरमधला आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मात्र प्रकार बऱ्याचदा घरातलाच असतो. फायबरवाल्याने दिलेला डबा स्वतःच राउटर असतो आणि त्याच्यापुढे आपण दुकानातून आणलेला दुसरा राउटर लावलेला असतो, मग पोर्ट एकाच ठिकाणी उघडून चालत नाही. फायबरचा डबा ब्रिज मोडवर टाकायला सांग, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढे देतो, किंवा दोन्हीकडे फॉरवर्ड कर. पण पहिल्या डब्याचाही वॅन आयपी बघायला विसरू नको, त्याच्यामागे परत सीजीनॅट असू शकतो.

सीजीनॅट निघालाच तर कंपनीला फोन करून सरळ स्टॅटिक पब्लिक आयपी मिळेल का विचार. बऱ्याच कंपन्या जादा पैसे घेऊन देतात, काही घरगुती कनेक्शनला देतच नाहीत. फक्त भावंडांबरोबर खेळायला महिन्याला पैसे घालावेत असं मला वाटत नाही, कारण फुकटचे रस्ते चांगले आहेत. टेलस्केल किंवा झिरोटियर सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरवर घातलं की सगळे एकाच घरातल्या वायफायवर असल्यासारखे दिसतात आणि पोर्ट उघडायचा प्रश्नच राहत नाही. पण ही व्हीपीएन जातीची सॉफ्टवेअर आहेत आणि यूएईत व्हीपीएनचे नियम कडक आहेत, मामेभावाला उगाच त्यात घालू नको. त्याच्यासाठी प्लेइटसारखी टनेल सेवा बरी, त्यात प्रोग्रॅम फक्त तुझ्या लॅपटॉपवर चालतो, बाकीच्यांना नुसता एक पत्ता टाकायचा असतो. गेम मधल्या सर्व्हरवरून फिरून जातो त्यामुळे पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, थोडा वाढतो, पण घरं बांधत खेळायला काही अडत नाही.

आणि पब्लिक आयपी तुझाच निघाला तर मग फॉरवर्डिंगच कर, तेच सगळ्यात सरळ. आधी राउटरच्या डीएचसीपीमध्ये, म्हणजे घरातल्या मशीनना पत्ते वाटणाऱ्या भागात, लॅपटॉपचा पत्ता रिझर्व्ह कर, नाहीतर आज १९२.१६८.१.५ असलेला लॅपटॉप उद्या १९२.१६८.१.९ होतो आणि नियम भलत्याच मशीनकडे बोट दाखवत राहतो. इथे बरेच जण फसतात, रिझर्व्हेशन वायफायवर असताना करतात आणि खेळताना लॅनची केबल जोडतात, केबलचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे राउटर ज्यावरून मशीन ओळखतो तो नंबर, वेगळा असल्यामुळे पत्ता परत बदलतो. तेव्हा केबल जोडूनच रिझर्व्ह कर. मग फॉरवर्डच्या नियमात पोर्ट २५५६५, प्रोटोकॉल टीसीपी, आत आणि बाहेर दोन्हीकडे तोच आकडा. मोबाइलवर चालणारी बेडरॉक आवृत्ती असेल तर १९१३२ आणि तो यूडीपी, हे दोन उलटे टाकले तर काहीच चालत नाही.

तपासताना सर्व्हर चालू पाहिजे, बंद असताना साइट क्लोज्डच दाखवणार. आणि घरच्याच वायफायवरून आपल्याच पब्लिक पत्त्यावर जायला बरेच राउटर देत नाहीत, त्यामुळे तुला नाही जमलं तरी भावाला जमत असेल. दुसरा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेऊन बघ किंवा सरळ पुण्याला फोन लाव.

पावसात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो पण राउटर आणि फायबरचा डबा लगेच मरतो, त्यांना बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो घे, घ्यायच्या आधी दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्टेज वाच. लाइट आल्यावर पब्लिक आयपी बदललेला असू शकतो, त्याला डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या आयपीला एकच कायमचं नाव देणारी सेवा, लाव म्हणजे भावांना दरवेळी नवा आकडा कळवायला नको. आणि गडगडाट सुरू झाला की सगळं प्लगमधून काढायचं, खेळ राहिला तरी चालेल.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, म्हणतो मित्रांसाठी राउटरचा पोर्ट उघडायचा. याच नेटवर आमचं बँकेचं काम चालतं. उघडू द्यावं का? एक आई, फोंडा.

उत्तर : ताई, द्या, पण शेजारी बसून. पोर्ट उघडला म्हणजे सगळं घर उघडं पडलं असं नाही, तो फक्त त्या एका मशीनवरच्या त्या एका प्रोग्रॅमपर्यंत नेतो, सर्व्हर बंद केला की तिथे उत्तर द्यायला कोणी नसतं. तुमच्या फोनवरच्या बँकेच्या अ‍ॅपचा त्या पोर्टशी संबंध येत नाही, पण ज्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालतो त्याच्यावर बँकेचं काम करू नका एवढं पाळा.

पत्ता कोणाला सांगितला नाही म्हणजे कोणाला सापडणार नाही, हे मात्र खरं नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं, चांगल्या लाइनवरून त्यानं आयपीव्ही४ चा सगळा इंटरनेट ४५ मिनिटांच्या आत एका पोर्टसाठी चाळून होतो. म्हणजे उघडा पोर्ट अनोळखी लोकांना दिसणारच. म्हणून व्हाइटलिस्ट चालू ठेवायची, तिच्यात फक्त ओळखीच्या मुलांची नावं, आणि ऑनलाइन मोड, म्हणजे खेळाडूचं खातं खरं आहे का ते तपासणारी सेटिंग, बंद करायचा नाही, नाहीतर दुसऱ्याच्या नावानं कोणीही आत येतो. सर्व्हर नवीन आवृत्तीचा असावा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या घटकात मोठं भोक सापडलं होतं, नुसत्या चॅटमधल्या मेसेजमुळे माइनक्राफ्टचा सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता, १.१८.१ मध्ये ते बुजवलं. जुना सर्व्हर कुठून तरी उतरवून चालवणं म्हणून नको.

मुलगा डीएमझेड चालू करतो म्हणाला तर नाही म्हणा, त्यात एकाऐवजी सगळेच पोर्ट त्या मशीनकडे जातात. ३३८९ हा पोर्ट कोणी उघडायला सांगितला तर तोही नको, तो रिमोट डेस्कटॉपचा आहे. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड अजून स्टिकरवरचाच असेल तर आजच बदला.

प्रश्न : प्लेस्टेशनवर नॅट टाइप ३ दाखवतं, मित्रांचा आवाज येत नाही. वास्को.

उत्तर : टाइप ३ म्हणजे कनेक्शन सगळ्यात बंदिस्त. राउटरमध्ये यूपीएनपी, म्हणजे लागणारे पोर्ट आपोआप उघडणारी सोय, चालू करा, प्लेस्टेशन आणि राउटर दोन्ही रिस्टार्ट करा आणि कनेक्शन टेस्ट परत घ्या, टाइप २ आला की पुरे. तरीही ३ च राहिला तर वर साखळीच्या मुलाला सांगितलंय तसा वॅन आयपी तपासा.