विभागाचा जुना सर्व्हर बदलतोय. प्रोसेसरचे कोअर जास्त घ्यावेत की रॅम?

कोअर आणि रॅमचं नंतर बोलू. तुम्ही लिहिलंय की सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सवर आहे, रेड-५ मध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत, एक गेली तरी डेटा टिकतो) सहा डिस्क आहेत आणि नवीन मशीन आलं की "एका रात्रीत डेटा कॉपी करून जुनं बंद करू". त्या एका रात्रीबद्दल मला लिहायचंय.

मी एका विज्ञान विभागात बरीच वर्षं सर्व्हर सांभाळले. खरेदी समितीपुढे माझा प्रस्ताव दोन ओळींचा होता: नवीन सर्व्हर आणि बॅकअपसाठी वेगळं, साधं मशीन. दुसऱ्या ओळीवर एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी काट मारली. "रेड आहे ना? एक डिस्क गेली तरी चालतं म्हणता. ते पैसे प्रोसेसरला लावा." मी लेखी हरकत नोंदवली. प्रोसेसर मोठा आला.

मग कॉपी सुरू केली. एरवी कोणी न उघडलेल्या फाइलीही कॉपीच्या वेळी वाचाव्या लागतात, आणि डिस्कवरचे खराब सेक्टर नेमके तेव्हा उघडे पडतात. एका डिस्कचा हिरवा दिवा पिवळा झाला. स्पेअर डिस्क लावली, रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा तिच्यावर पुन्हा उभा करणं, सुरू झालं. रीबिल्डमध्ये उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. डिस्क मोठ्या असतील तर हे एक दिवसाहून जास्तही चालतं, आणि तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली तर रेड-५ काही वाचवू शकत नाही. दुसरी गेली. रीबिल्डच्या टक्केवारीचा आकडा जागच्या जागी थांबला आणि डिस्कचा अख्खा संच म्हणजे अ‍ॅरे गेला.

कॉपी न झालेल्या भागात एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचं सिम्युलेशनचं आउटपुट होतं. इनपुट फाइली तिच्या लॅपटॉपवर होत्या म्हणून सगळं पुन्हा चालवता आलं, पण प्रबंध एक सत्र पुढे गेला. तिला हे सांगायला मी गेलो. काट मारणारे आले नाहीत. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी आधीही सांगत होतो, आजही सांगतो. चुकून पुसलेलं फोल्डर रेडमधून परत मिळत नाही.

तेव्हा नवीन मशीनची वाट न बघता होम डिरेक्टरींचा (प्रत्येकाच्या स्वतःच्या फाइलींच्या फोल्डरांचा) बॅकअप आजच दुसरीकडे घ्या. आधी महत्त्वाचं, मग बाकीचं. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपलाय, त्यामुळे आहे त्यावरच अपग्रेड करत बसू नका. नव्या मशीनवर रॉकी किंवा अल्मा लिनक्स ९ कोरं टाका. वापरणाऱ्यांची खाती एनआयएसवर (सगळ्या मशीनना एकाच जागेवरून खाती पुरवणारी जुनी सेवा) असतील तर त्याची सोय आधी लावा, ९ मध्ये एनआयएस उरलेलं नाही. यूआयडी, म्हणजे प्रत्येक खात्याचे क्रमांक, जुनेच ठेवा, नाहीतर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसतील. क्रॉनटॅब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या याद्या, होममध्ये नसतात, वेगळे उचला. सेंटओएस ७ वर कंपाइल केलेले फोर्ट्रान प्रोग्रॅम जुनी लायब्ररी मागतील, ते नव्याने कंपाइल करा. सॉफ्टवेअरचं लायसन्स अनेकदा नेटवर्क कार्डाच्या ठरलेल्या क्रमांकाला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेलं असतं. लायसन्सची नवीन फाइल मागवायला वेळ जातो.

आता तुमचा प्रश्न. रॅम घ्या, आणि ती ईसीसी, म्हणजे आपल्या चुका स्वतः दुरुस्त करणारी, घ्या. कोअर रिकामे बसलेले मी खूप पाहिलेत. रॅम संपून स्वॅपमध्ये (रॅमऐवजी संथ डिस्क वापरायची जागा) गेलेला सर्व्हर मात्र सगळ्यांना अडवतो. तरी महिनाभर सारचे (sar, प्रोसेसर आणि रॅम किती वापरली जाते ते नोंदवणारी कमांड) आकडे बघून ठरवा. काम जीपीयूवर (ग्राफिक्स प्रोसेसरवर) चालत असेल तर हे गणित वेगळं.

आणि प्रस्तावात बॅकअपची वेगळी ओळ ठेवूच नका. सर्व्हर, बॅकअप मशीन, जास्तीच्या डिस्क, सगळं मिळून एकच बाब लिहा, म्हणजे पेन फिरवायला जागा राहत नाही. विद्यापीठाच्या संगणक केंद्रात जागा मिळत असेल तर वेगळं मशीन लागणार नाही, पण तिथून एखादं मोठं फोल्डर परत आणून, उघडून बघा, आणि जुना सर्व्हर निदान एक सत्र पुसू नका.