गुलाबाच्या फांदीला पालवी फुटते, पण ती मूळ का धरत नाही?

तुम्ही लिहिलंय की गुलाबाच्या फांद्या लावल्या, पंधरा दिवसांत पालवी आली, महिन्याभरात सगळ्या काळ्या पडल्या. मोगऱ्याचंही तेच झालं आणि घरचे म्हणतात, तुमच्या हाताला गुण नाही. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसले. हातगुण वगैरे काही नसतं. त्या बोलण्यावर झाडं लावणं सोडू नका.

आईच्या अंगणात एक जुना गुलाब होता. फिकट गुलाबी, सैल पाकळ्यांचा, दुपारपर्यंत गळून जाणारा, पण ओंजळभर पाकळ्यांनी खोली भरून जायची. घर विकायचं ठरलं तेव्हा त्याच्या बारा फांद्या आणल्या. गच्चीवर मोठी कुंडी, शेणखत घातलेली माती, भरपूर ऊन, दोन वेळा पाणी. दहाव्या दिवशी नऊ फांद्यांना तांबूस कोंब आले. आईला फोन करून सांगितलं, तुझा गुलाब लागला. विसाव्या दिवशी पानं मलूल झाली. एक फांदी उपटली तर खालचं टोक काळं, दाबल्यावर साल सुटून बोटाला चिकटली आणि मुळाचा धागासुद्धा नाही. मग रोज एकेक उपटून बघत गेले. थोरल्या जाऊबाई चार माणसांत म्हणाल्या, "काहींच्या हाताला गुणच नसतो गं. तू नको लावत जाऊस, मला देत जा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. जाऊबाईंनी काडी खोचली तरी ती जगते, हे खरंच होतं. पण त्या खोचायच्या कुठे? मागच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत, नळाशेजारी. तिथली हवा कायम दमट.

घराचा ताबा अजून दिला नव्हता. थंडी सुरू होताना परत गेले आणि सोळा फांद्या आणल्या. सगळ्या पेन्सिलीएवढ्या जाड, नुकतंच फूल येऊन गेलेल्या, वीतभर लांब. स्वच्छ ब्लेडने पेराच्या जरा खाली काप घेतला, वरची दोन पानं ठेवली, बाकीची काढली. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. एकेका ग्लासात एकेक फांदी. खताचा कणही नाही. आठ ग्लास नळाशेजारच्या सावलीत ठेवले आणि आठ मुद्दाम गच्चीवर उन्हात. आईच्या गुलाबाच्या आठ फांद्या अशा घालवायच्या, याचं वाईट वाटलं. पण हात तोच, दिवस तोच, झाड तेच. काय ते एकदाचं कळू दे, म्हटलं.

ग्लास पारदर्शक घेतले होते, तळाला भोकं पाडून, बाहेरून काळा कागद गुंडाळून. उपटायची गरजच नको. सव्विसाव्या दिवशी कागद सरकवला तर कडेला टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. दोन दिवसांनी त्याचं मूळ झालं होतं, ओल्या दोऱ्यासारखं. सावलीतल्या आठांपैकी सहा जगल्या. गच्चीवरची एकही नाही. जाऊबाई म्हणाल्या, "जागा माझी ना, म्हणून लागल्या." यावर मी काय बोलणार!

तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. पालवी म्हणजे मूळ नव्हे. फांदीत साठलेल्या अन्नावर डोळे, म्हणजे पेरांवरचे कोंब, फुटतात, पानं पाणी उडवायला लागतात, खालून पाणी ओढायला मुळं नसतात. म्हणून मुळं येईपर्यंत ऊन नको, वर प्लास्टिकची पिशवी हवी, आणि माती ओलसर हवी, चिखल नको. काळं पडणं बहुतेक वेळा जास्त पाण्याने कुजणं असतं. मुळं फुटवणारं ऑक्सिन शेंड्याकडून खाली उतरतं. शेंड्यात असं वाढीचं द्रव्य असतं, हे फ्रिट्स वेंट यांनी १९२८ साली ओटच्या कोंबांवरच्या प्रयोगांतून मांडलं. म्हणून फांदी उलटी खोचली तर हात कुणाचाही असो, ती सहसा लागत नाही.

रूटिंग पावडर लावायची का, हे तुम्ही विचारलंय. लावा. त्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक ॲसिड असतं, तेही ऑक्सिनच. टोकाला अर्धा इंच लावून जादाची झटका, आणि आधी काडीने भोक पाडून मगच फांदी खोचा, नाहीतर पावडर पुसून जाते. बटाट्यात फांदी खोचण्याचे व्हिडिओ विसरा, बटाटा कुजतो आणि फांदीला सोबत नेतो.

मोगऱ्याला फांदी तोडूच नका. खालची लांब फांदी वाकवून तिच्या पेराला मातीत दाबा, वर दगड ठेवा. मुळं येईपर्यंत मूळ झाड तिला पोसतं. दोन-अडीच महिन्यांनी हलकेच ओढून बघा. हलली नाही की तोडून वेगळी करा. दाबकलमात माणसाच्या हाताचं काम दगड ठेवण्यापुरतंच असतं, आणि हे तुमच्या घरच्यांनाही अवश्य सांगा.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. मी हे सगळं जुन्या, सुवासाच्या गुलाबाबद्दल लिहिलं. असे गुलाब सहसा फांदीवर येतात. मोठ्या फुलांचे संकरित गुलाब बऱ्याचदा दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून, म्हणजे त्याच्या सालीत कोंब बसवून, केलेले असतात. त्यातल्या कित्येकांच्या फांद्या मूळ धरायला फार कुरकुरतात, आणि धरलं तरी झाड खुंटावरच्याइतकं जोमदार होत नाही. तुमचा त्यातला असेल तर दहात एखादी जगली तरी ती चांगलीच म्हणायची. तुमचा गुलाब कोणता, हे प्रश्नात नाही. फुलाचा फोटो आणि बुंध्याचा, जिथून फांद्या फुटतात तिथला, असे दोन टाका. बुंध्यावर जुन्या जोडाची गाठ दिसते का बघते.