जुना ईसीजी जपा, पण लॅमिनेट करू नका

तुमच्या बाबांच्या ईसीजीवर मशिननं 'सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमिन्ड' (हृदयाच्या मधल्या पडद्याला झटका येऊन गेला असावा, कधी ते सांगता येत नाही) असं छापलंय, छातीत तर कधी दुखलं नाही, मग थेट अँजिओग्राफी करायची का, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, ह्यांच्या आजारपणात जे शिकले तेवढंच सांगते.

ती ओळ म्हणजे मशिनचा अंदाज. छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड एक बरगडी वर लागले तरी 'सेप्टल' उमटतं. ईसीजी पुन्हा नीट काढून घ्या आणि कार्डिओलॉजिस्टला विचारून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. जुन्या झटक्यासाठी ट्रोपोनिन (झटक्यानंतर रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची तपासणी) करून उपयोग नाही, दोनेक आठवड्यांत ते उतरलेलं असतं. आत्ता दम, घाम, छातीत जडपणा असेल तर मात्र हे वाचत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

पण 'मशिन काय, कोणालाही छापतं' म्हणून सोडूनही देऊ नका. ह्यांना बारा वर्षांचा मधुमेह. पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या चढताना दम लागायचा, आम्ही ॲसिडिटी समजत राहिलो. मधुमेहात नसा बोथट होऊन कळ जाणवत नाही, हे फार उशिरा समजलं. इकोत हृदयाची खालची भिंत नीट हलत नव्हती, ईएफ, म्हणजे हृदयाची रक्त बाहेर ढकलण्याची ताकद, ४० टक्क्यांवर आलेली.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न : जुना ईसीजी आहे? होता ना! पॉलिसीच्या मेडिकलचा. जपून राहावा म्हणून मीच अप्पा बळवंत चौकात लॅमिनेट करून आणला होता. ईसीजीचा कागद थर्मल असतो, उष्णतेनं अख्खा काळा पडला, एक रेघ दिसेना. तपासणी केंद्रात तीन खेपा घातल्या. आधी 'अर्ज द्या', मग 'साहेब नाहीत', शेवटी 'एवढं जुनं ठेवत नाही'. लोकांच्या हृदयाचे कागद असे टाकून देतात, याचा अजून संताप येतो. बदल नवा की जुना हे ठरेना, म्हणून ह्यांना दोन दिवस आयसीयूत ठेवलं. ते दोन दिवस मी विसरलेले नाही.

ईसीजी काढला की त्याच दिवशी झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो. मूळ कागद साध्या कागदी पाकिटात, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नको, त्यातही तो फिका पडतो.

बाबांचं मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालं असेल तर त्या फाइलमध्ये तेव्हाचा ईसीजी बहुतेक असेल. तो आजच शोधा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.