बाबांची खरी पेन्शन किती?

"मॅडम, म्हातारपणासाठी आत्तापासून साठवा म्हणतात. इथं वीस तारखेलाच खिसा रिकामा होतो."

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की, समोरच्याने सुरुवात केली की शेवट मला पाठ असतो. हिंजवडीतली मुलगी त्याला 'रिटायरमेंट प्लॅनिंग' म्हणते, चाकणचा मुलगा 'ते पेन्शनचं' म्हणतो. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्य सरकारी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा खाजगी रुग्णालयातली एक नर्स माझ्यासमोर बसून म्हणाली होती, "त्यांना निदान भांडायला काहीतरी आहे. आम्ही कुणाशी भांडायचं?"

मी समुपदेशक; यातलं कुणीही माझ्याकडे पैशासाठी येत नाही. येतात ते झोप लागत नाही म्हणून, चिडचिड होते म्हणून. पैशाचा विषय तिसऱ्या-चौथ्या भेटीत चोरपावलांनी येतो. अक्षयचंही तसंच झालं. (नाव अर्थातच बदललंय, खुणाही बदलल्यात.) वय २६, चाकणजवळच्या एका कारखान्यात क्वालिटीला, हातात महिना चोवीस हजार. लग्न झालेलं, बाळ आठ महिन्यांचं. गाव नगर जिल्ह्यात. वडील साखर कारखान्यात ३२ वर्षं काढून निवृत्त झालेले.

झोप उडायला निमित्त झालं होतं कंपनीतल्या एका व्याख्यानाचं. पाहुण्यांनी पडद्यावर आलेख दाखवला आणि सांगितलं की, पंचविशीत सुरू केलं नाही तर गाडी सुटली. अक्षयच्या डोक्यात तेवढंच राहिलं.

"माझी सुटली मॅडम. सव्वीस पूर्ण झाली."

"किती काढायचं ठरवलं होतंस?"

"पाच हजार तरी पाहिजेतच ना. पाचशे-हजार टाकून काय होतंय?"

माझी एक जुनी सवय आहे. समोरच्याच्या बोलण्यातला 'च' मी आधी शोधते. माणसाला छळतो तो बहुतेकदा प्रसंग नव्हे, त्या प्रसंगाला त्याने स्वतः जोडलेला 'च'. पाच हजार निघावेत ही इच्छा झाली. निघालेच पाहिजेत, नाहीतर मी नालायक, हा फास झाला. आणि फास बसला की माणूस पाच हजारही काढत नाही, पाचशेही नाही. रात्री दोन वाजता मोबाइलवर कॅल्क्युलेटर तेवढा उघडतो.

पण त्या दिवशी मी 'च'ला हात लावला नाही. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी पीएफचं पासबुक घेऊन ये.

"ते तर कापतात. ते कुठं मी साठवतो?"

पुढच्या वेळी त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक), ओटीपी, सगळे सोपस्कार होऊन पासबुक उघडलं. तीन नोकऱ्या, तीन नोंदी. पहिलीतले पस्तीस हजार नोकरी सोडल्यावर काढून घेतलेले, त्यांची सेकंडहँड बाइक आली. दुसरीतले दोन वर्षांचे तसेच पडून, नव्या खात्यात वळवायचे राहिलेले. तिसरी चालू. दोन्ही मिळून एक लाख अकरा हजार.

तो आकड्याकडे बघत राहिला. "हे माझेच?"

गाडी सुटली म्हणून रात्र रात्र जागणारा हा मुलगा साडेतीन वर्षं त्याच गाडीत बसलेला होता! मला वाटतं, पगारदार तरुणांना पहिलं सांगायचं ते हेच: पीएफ कापला जात असेल तर तुमची सुरुवात झालेली आहे. तुम्ही काहीच केलेलं नाही, ही समजूत मुळात खोटी आहे. ती खोटी ठरली की निम्मी भीती तिथंच उतरते.

मग त्याचं बोट तिसऱ्या रकान्यावर थांबलं. "आणि हे पेन्शनचे? याला तर व्याजच दिसत नाही."

इथं जरा सविस्तर लिहिते, कारण हा रकाना फार थोड्यांना कळलेला असतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरले, तर तुमचे १२ टक्के म्हणजे १,८०० पूर्ण पीएफमध्ये जातात. मालकाच्या १,८०० मधले १,२५० पेन्शन योजनेत वळतात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. पीएफची रक्कम तुमच्या नावावर व्याजासकट वाढते. २०२४-२५ साठी हा दर ८.२५ टक्के होता. पेन्शनचे पैसे मात्र सगळ्यांच्या सामाईक निधीत जातात. त्यातून काय मिळणार ते सूत्राने ठरतं: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगाराला १५,००० ची मर्यादा, त्यामुळे ३५ वर्षं भरूनही साधारण साडेसात हजार. ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू व्हायला किमान दहा वर्षांची सेवा लागते. नोकरी बदलताना दरवेळी पेन्शनचे पैसे काढून घेतले की ती वर्षं पुसली जातात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. अक्षयची पहिल्या नोकरीची चौदा महिन्यांची सेवा अशीच गेली होती.

हे ऐकून तो खूश होईल असं मला वाटलं होतं. तो भडकला.

"म्हणजे बाबांसारखंच! बत्तीस वर्षं कापून घेतले मॅडम, आणि मिळतात चोवीसशे. चोवीसशे! आईच्या गोळ्यासुद्धा येत नाहीत त्यात. मी कशाला भरू?"

पाहुण्यांचा आलेख हे निमित्त होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा मुलगा स्वतःच्या म्हातारपणाला घाबरलेला नव्हताच. तो वडिलांच्या म्हातारपणावर चिडलेला होता. अशा वेळी चक्रवाढ व्याज समजावत बसणं म्हणजे ताप आलेल्याला पंचांग वाचून दाखवण्यासारखं. नवखी असताना मी तेही केलंय.

चौथ्या भेटीत मी साधाच प्रश्न विचारला.

"बाबांची पेन्शन किती?"

"सांगितलं ना, चोवीसशे."

"तू घरी किती पाठवतोस?"

"आठ हजार."

"मग बाबांची पेन्शन किती?"

तो काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. खिडकीतून रिक्षा स्टँडवरचा गलका येत होता. त्याने टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. मीही बोलले नाही. समुपदेशनात गप्प बसता येणं ही अर्धी विद्या आहे आणि ती मला उशिरा आली, पण आली.

"दहा हजार चारशे," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "म्हणजे त्यांची पेन्शन मीच."

"त्याचा राग येतो?"

"पाठवण्याचा नाही येत. पण ते कधी सरळ मागत नाहीत हो. फोन करतात. पाऊस झाला, म्हैस व्यायली, शेजारच्याची मोटर जळाली. दहा मिनिटं असलं बोलत राहतात. मग हळूच, आईचं औषध संपलंय म्हणून. त्या दहा मिनिटांची मला लाज वाटते. त्यांच्यापेक्षा मलाच जास्त."

इतक्या वर्षांत निवृत्तीच्या तरतुदीची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही. ती दहा मिनिटं! साठाव्या वर्षी आपल्याला ती दहा मिनिटं बोलावी लागू नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. आपल्याकडे मुलं म्हातारपणी बघतात, यात गैर काहीच नाही. माझ्या सासूबाईंचं आम्हीच पाहिलं. पण द्यावंसं वाटणं आणि द्यावंच लागणं यांत पुन्हा तोच 'च' आहे. अक्षय घरी गेला तेव्हा त्याच्या डोक्यात आलेख नव्हता, आठ महिन्यांचं पोर होतं.

आणखी एक गाठ सुटायची होती. वडिलांना पीएफचे म्हणून जे मिळाले असते, ते गेले कुठे? दोन बहिणींची लग्नं, घराचा स्लॅब, विहिरीचं खोलीकरण. सगळं फंडातून काढून. म्हणजे कापलेलं सगळं बुडालं, हे खरं नव्हतं. त्यातलं बरंचसं अक्षयच्या डोक्यावरचं छप्पर झालं होतं. हे मी सांगितलं नाही, त्याने स्वतः मोजलं.

पाच हजारांचं काय झालं? ते आम्ही सोडून दिले. महिना हजार रुपये २६ व्या वर्षापासून ६० पर्यंत टाकले आणि ८ टक्के वाढ धरली, तर सुमारे २१ लाख होतात. तेच ३६ व्या वर्षी सुरू केलं तर पावणेनऊ लाखांच्या आत. दहा वर्षांत भरायचे राहिले फक्त एक लाख वीस हजार, फरक मात्र बारा लाखांचा. लगेच दुसरी बाजूही सांगते, कारण व्याख्यानात ती कुणी सांगत नाही. महागाई ६ टक्के धरली तर साठाव्या वर्षीचे ते २१ लाख आजच्या भावात तीन लाखांच्या आतबाहेर. म्हणून हजारावर अडून राहायचं नाही. पगारवाढ झाली की त्यातला थोडा भाग हाताला लागायच्या आधीच वळवायचा. पीएफ असेल तर कंपनीला सांगून आपला हिस्सा स्वेच्छेने वाढवता येतो, व्याज तेच मिळतं. राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, २००९ पासून सगळ्या नागरिकांना खुली आहे, त्यामुळे पीएफ नसलेल्या डिलिव्हरीवाल्या मुलालाही खातं उघडता येतं. मी स्वतः ते ४१ व्या वर्षी उघडलं, तेव्हा उशिराबद्दल मला कुणी विचारू नये.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर मात्र आधी ती फेडा. तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, नाहीतर पहिल्या आजारपणात पीएफलाच हात लागतो. आणि पासबुक उघडलंच आहे तर वारसाचं नाव भरलंय का बघा. अक्षयचा तो रकाना रिकामा होता. त्याने तो माझ्यासमोर बसूनच भरायला घेतला आणि बायकोच्या आधारवरचं स्पेलिंग फोन करून विचारलं.

त्याने अखेर निवडली ती अटल पेन्शन योजना. २६ व्या वर्षी महिना ४०९ रुपये भरले की साठीनंतर दरमहा पाच हजारांची हमी. चाळिसाव्या वर्षी शिरलं तर त्याच पाच हजारांसाठी १,४५४ भरावे लागतात. ही योजना आयकर भरणाऱ्यांसाठी नाही आणि चाळिशीनंतर तिचं दार बंद होतं. दुसऱ्या नोकरीतला पीएफही त्याने वळवून घेतला.

मी सुचवलेली नसलेली एक गोष्टही त्याने केली. वडिलांच्या फोनची वाट बघणं बंद केलं. पगार सात तारखेला होतो, आठ तारखेला आठ हजार बँकेतून आपोआप गावी जातात, तशी सूचनाच देऊन टाकली. पहिल्या महिन्यात त्याने स्वतः फोन लावला. पाऊस नाही, म्हैस नाही, एकदम मुद्द्यावर. "बाबा, तुमची पेन्शन जमा झाली का बघा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग वडील म्हणाले, "झाली. पण महागाई भत्ता कधी वाढवतोस?"