वाचक विचारतात : अमेरिका खंडात माणूस कुठून आला?

प्रश्न : सायबेरियातून जमिनीच्या पुलावरून माणसं अमेरिकेत चालत गेली, असं शाळेत शिकलो. आता 23,000 वर्षांपूर्वीचे पायाचे ठसे सापडलेत म्हणे. मग जुनं सगळं चुकीचं का? (सातारा)

उत्तर : पूल खरा आहे. हिमयुगात पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता आणि सायबेरिया आणि अलास्का यांच्यामधली बेरिंगची सामुद्रधुनी तर जेमतेम 30 ते 50 मीटर खोल आहे. तिथे शेकडो किलोमीटर रुंदीची गवताळ जमीन उघडी पडली होती.

अडचण अलास्काच्या पुढे होती. कॅनडावर बर्फाचे दोन प्रचंड थर एकमेकांना भिडले होते. त्यांच्यामधली वाट सुमारे 13,800 वर्षांपूर्वी मोकळी झाली. तिथे गवत उगवून जनावरं यायला आणखी वेळ गेला. पण दूर दक्षिणेला, चिलीतल्या मॉन्टे व्हर्डेची वस्ती साधारण 14,500 वर्षांपूर्वीची मानली जाते. म्हणजे आधीचे लोक बर्फाला वळसा घालून, पॅसिफिकच्या किनाऱ्याने, बहुधा होड्यांतून आले असणार. मॉन्टे व्हर्डेत खाण्याचं समुद्री शेवाळही मिळालं आहे. या वाटेवरच्या वस्त्या सापडत नाहीत याचं कारण साधं आहे : तेव्हाचा बराचसा किनारा आज पाण्याखाली आहे.

आता ठसे. ते अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्स इथे एका जुन्या तळ्याच्या काठी आहेत. 2021 मध्ये ठशांच्या वरच्या आणि खालच्या थरांतल्या पाणगवताच्या बियांचं वय कार्बन-14 वरून (जीव मेल्यावर ठरावीक वेगाने घटत जाणाऱ्या कार्बनच्या प्रकारावरून) काढलं, ते 21,000 ते 23,000 वर्षं आलं. लगेच रास्त आक्षेप आला. पाण्यातली वनस्पती पाण्यात विरघळलेला कार्बन घेते आणि चुनखडीतून आलेल्या कार्बनमध्ये कार्बन-14 उरलेलाच नसतो. बीच्या कार्बनपैकी एक चतुर्थांश असा 'मेलेला' असेल, तर वय सुमारे 2,400 वर्षांनी जास्त दिसतं. निम्मा असेल तर 5,700 वर्षांनी. ठसे प्रत्यक्षात 15,000 वर्षांपूर्वीचे ठरायला मात्र निम्म्याहून अधिक कार्बन मेलेला असायला हवा.

म्हणून 2023 मध्ये त्याच थरांतले सूचिपर्णी झाडांचे परागकण घेतले. ही झाडं कार्बन हवेतून घेतात, त्यामुळे तळ्याच्या पाण्याचा प्रश्न येत नाही. एकेका नमुन्यासाठी सुमारे 75,000 कण वेगळे करावे लागले! शिवाय मातीतल्या क्वार्ट्‌झच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, हेही वेगळ्या पद्धतीने मोजलं. दोन्ही उत्तरं पहिल्याशी जुळली. आमच्या मते ठशांचं वय आता मान्य करायला हरकत नाही. मात्र ती माणसं अमेरिकेतल्या आजच्या आदिवासींचे पूर्वज होती का, हा प्रश्न निराळा. ठशांतून डीएनए मिळालेला नाही.

प्रश्न : इन्युइट (एस्किमो) हे त्याच पहिल्या लोकांचे वंशज का? (नागपूर)

उत्तर : थेट नाहीत, ते फार नंतर आले. कॅनडा आणि ग्रीनलंडच्या उत्तर टोकाकडे सुमारे 5,000 वर्षांपूर्वी सायबेरियातून एक स्वतंत्र लोकसमूह पोहोचला. ग्रीनलंडमध्ये जपल्या गेलेल्या 4,000 वर्षांपूर्वीच्या केसांवरून 2010 मध्ये अशा एका माणसाचा जीनोम (संपूर्ण जनुकीय आराखडा) वाचला गेला. ते लोक पुढे नाहीसे झाले. आजच्या इन्युइटांचे पूर्वज, म्हणजे थुले लोक, साधारण 1,000 वर्षांपूर्वी अलास्काकडून पूर्वेला पसरले. त्यांच्याकडे कातड्याच्या मोठ्या होड्या, कुत्र्यांच्या घसरगाड्या आणि व्हेल मारण्याचं तंत्र होतं. थोडक्यात, ग्रीनलंडच्या दक्षिणेला नॉर्स लोक (स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी) इन्युइटांच्या आधी पोहोचले होते.

प्रश्न : रताळं मूळ अमेरिकेचं, तरी कोलंबसाच्या आधी ते पॉलिनेशियात (पॅसिफिकमधल्या बेटांवर) होतं. मग पॉलिनेशियन लोकांनी दक्षिण अमेरिका वसवली का? (मडगाव)

उत्तर : नाही. पॉलिनेशियाची पूर्वेकडची बेटं वसली, तेव्हा दक्षिण अमेरिकेत हजारो वर्षांची वस्ती होती. पण गाठभेट झाली, हे नक्की. 2020 च्या जनुकीय अभ्यासात पूर्व पॉलिनेशियातल्या लोकांमध्ये आजच्या कोलंबियातल्या आदिवासींशी जवळचा अंश आढळला आणि तो मिसळल्याचा काळ इ.स. 1200 च्या आसपासचा निघाला. रताळं समुद्रातून वाहत गेलं असावं, असं काही वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात. माणसाच्या जनुकांबद्दल तसं म्हणता येत नाही. होडी कोणत्या किनाऱ्यावरून निघाली, यावर मात्र अजून वाद आहे.